पायात जोडा, पुढ्यात ताट

दादा-वहिनीच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून माझ्या पुतण्याने त्या दोघांना समुद्रावर पाठवलं, आणि इंग्रजी वाचणारं कुणीतरी सोबत हवं म्हणून मलाही. मुंबईहून सुटणारी बोट, चार रात्रींचा प्रवास. मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेला मास्तर. दादा सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी धानाची शेती करतो. समुद्राचं त्याला कौतुक नव्हतं. खारं पाणी धानाच्या रोपांच्या रोवणीला कामाचं नाही, एवढंच त्याचं मत.

वहिनी तयार झाली ती एका गोष्टीसाठी. पुतण्याने तिला फोनवर सांगितलं होतं की बोटीवर एका संध्याकाळी सगळे नटूनथटून टेबलावर बसतात, वाढणारे वेगळे असतात आणि बायकांनाही उठावं लागत नाही. आमच्या घरात बायका मागून जेवतात. तसा हुकूम कुणी काढलेला नाही. पण आधी पुरुष, मग पोरं, रोवणीच्या दिवसांत मजूर आणि शेवटी वहिनी, असा क्रम पडून गेला आहे. ती आणि दादा एका वेळी जेवायला बसल्याचं मला तरी आठवत नाही. मीही त्या आधीच्या पंगतीतलाच, त्यामुळे कधी लक्षात आलं नव्हतं.

"मले थे एक जेवण पायजे," ती मुलाला म्हणाली. "बाकी पाणी काय, वैनगंगेतही लय हाय."

तिकिटासोबत त्या संध्याकाळच्या पोशाखाचे नियम आले. पुरुषांनी सूट आणि टाय, किंवा राष्ट्रीय पोशाख. पायांत बंद जोडे. अर्धी चड्डी, बिनबाह्यांची बनियन आणि रबरी चपला चालणार नाहीत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात माणूस ज्या वेशात जेवतो, तो कलमवार फेटाळलेला होता. मला असल्या नियमांविषयी जुना संशय आहे. कपड्यांची अट घातल्याने जेवण सुधारत नाही, फक्त जेवणारे ताठ बसतात. मी दादाला म्हटलं, राष्ट्रीय पोशाखाची सोय आहेच, तू सरळ धोतर नेसून चल. बघू कोण अडवतो.

"धोतर त मी रोजच नेसतो," दादा म्हणाला. "इतक्या लांब जाऊन थेच कायले नेसू?"

माझं तत्त्व तिथेच बारगळलं. दादाने एसटीने भंडाऱ्याला दोन फेऱ्या मारून सूट शिवून घेतला. शिंप्याने विचारलं, मुलाचं लग्न आहे का? दादाने सांगितलं, नाही, जेवायला जायचं आहे. शिंप्याने माप पुन्हा एकदा घेतलं.

ती संध्याकाळ प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी आली. साडेसहाची पाळी, बाहेर अजून ऊन होतं. जेवणाच्या दालनाबाहेर मोठी रांग लागली होती, आणि तिच्याकडे पाहताना बोटीवरच्या थाटामाटाचं रहस्य मला कळलं: लग्नात एकदाच घालून कपाटात गेलेल्या कपड्यांना ही दुसरी संधी होती. जरीच्या शेरवान्या, टिकल्यांचे घागरे, पोटावर न मिटणारे कोट. सगळ्यांत नीट बसलेले कोट वेटरांच्या अंगावर होते. दादाचा सूट मात्र चांगला दिसत होता. शेतात राबलेल्या खांद्यांवर कोट बसतो, हे मान्य करावं लागेल. वहिनी हिरव्या लुगड्यात होती आणि दालनाच्या दाराकडे बघत होती.

दाराशी पोचलो आणि दादा वाकला. त्याने जोडे काढले, मोजे त्यांत कोंबले आणि जोडी भिंतीला लावून नीट ठेवली. यात त्याचं काही चुकलं, असं मला पहिल्या क्षणी वाटलंच नाही. तो जेवायला निघाला होता. ज्या खळ्यावर धान पडतो तिथेही आमच्याकडे कुणी जोड्याने जात नाही. ताटापाशी तर प्रश्नच नाही. नियमांचा कागद मी तीनदा वाचला होता, पण हॉटेलांत तीस वर्षं बूट घालून जेवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

दारावर यादी घेऊन उभी असलेली मुलगी हिंदीत अदबीने म्हणाली की काका, जोडे घालावे लागतील.

"जूता डालके खाना नहीं खाते हमारे यहाँ," दादा म्हणाला.

मी पुढे झालो. राष्ट्रीय पोशाखाला परवानगी आहे आणि अनवाणी जेवणं हा आमच्या पोशाखाचाच भाग आहे, असा मुद्दा मी मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दादाच्या टायकडे पाहिलं आणि विचारलं, मग बाकीचा राष्ट्रीय पोशाख कुठे आहे? कॉलेजात अशी विद्यार्थिनी मिळाली असती तर मी जास्त नीट शिकवलं असतं.

दादा चिडला नाही. वरच्या डेकवर चड्डीतल्या लोकांसाठी साधं जेवण मांडलेलं असे, तिथे कुणी पाय बघत नव्हतं. तो म्हणाला, तुम्ही दोघं आत जेवा, मी वर जाऊन खातो. आणि जोडे उचलायला वाकला.

"अवो," वहिनी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "येथंही अलग अलगच जेवाचं होतं, त मंग मले घरून आणलं कायले?"

दादा वाकलेलाच राहिला. मागची रांग थांबली होती. मी हळूच सुचवलं की आत जाईपर्यंत घाल, मग टेबलाखाली काढून ठेव.

"ताटाखाली जोडा? थे त अजून वाईट," तो म्हणाला. मग भिंतीशी टेकून त्याने एक मोजा चढवला, मग दुसरा, मग जोडे. नाड्या बांधायला त्याला वेळ लागला. वहिनी तोवर तिथेच उभी राहिली.

आत त्याने खुर्ची तिरकी ओढली आणि वरचं अंग टेबलाकडे, पाय वाटेकडे असा बसला. ताट एका बाजूला, जोडे दुसऱ्या बाजूला, मध्ये जमेल तेवढं अंतर. वेटर त्याच्या पायांना वळसा घालून जात होते. त्या दालनात त्याच्याइतकं अवघडून कुणीच बसलं नसेल.

पहिली ताटली वेटरने वहिनीपुढे ठेवली. भात आणि वर कसलीतरी पांढरी आमटी. तिने ती सवयीने दादाकडे सरकवली. दादाने परत सरकवली.

"तू घे आधी."

तिने एक घास घेतला. दादा हात मांडीवर ठेवून बघत होता. समोर कुणीतरी जेवतंय आणि आपण थांबलोय, याची त्याला सवय नव्हती.

"कसं हाय वं?" त्याने विचारलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि जेवत राहिली. मीठ आणायला उठला तो दादा.