एका फेरीला एकच जोडी

आमच्या थोरलीला घरात सगळे ‘साबणबाई’ म्हणायचे. शाळेतून आली की आधी मोरीत. धाकटी चिडवायची, “ताई, हातावरच्या रेषा पुसल्या जातील, मग नशीब कुठे शोधशील?”

ती वृद्धाश्रमात सेविका झाली तेव्हा मला घोर लागला, कुठला रोग हिला धरेल म्हणून. रोगाआधी मुख्य बाईंनी धरलं. त्यांचा नियम होता, एका फेरीला हातमोज्यांची एकच जोडी. “मोजे आहेत ना, मग दर खाटेला हात कशाला धुवायचे? वेळ जातो.” म्हणजे एकाचं डायपर बदललेल्या मोज्यांनीच शेजारच्याला घास भरवायचा. थोरली ऐकत नसे. दर खाटेला मोजे काढी, हात धुई, नवे घाली. तिची फेरी सगळ्यांत उशिरा संपे.

मग जुलाबांची साथ आली. अख्खी खोली आडवी झाली आणि बाईंनी सगळ्यांसमोर हिच्यावर खापर फोडलं. हिच्या रेंगाळण्यामुळेच म्हणे. हिला कपडे धुवायला बसवलं. लोक हिला पाहून पाण्याचा पेला झाकू लागले. पोर रडली नाही. मी रडले, आणि बाईंच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

बोटं कामी आली. बाई ओल्या फरशीवर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्याच खोलीत खाट मिळाली. माणसं कमी पडली म्हणून थोरलीला परत बोलावलं.

शेजारच्या आजोबांना स्वच्छ करून ती तशीच बाईंपाशी आली. मोजे घातलेले हात ताटावर धरले, टेकवले मात्र नाहीत.

“मोजे बदल,” बाई म्हणाल्या.

“कशाला? मोजे आहेत ना.”

“आधी हात धू.”

“वेळ जातो, बाई.”

“घ्या की,” आजोबा म्हणाले. “आम्ही रोज तसंच जेवलो.”

थोरली हलली नाही. शेवटी बाई काहीतरी पुटपुटल्या.

“मोठ्यानं, बाई. आजोबांना कमी ऐकू येतं.”

“साथ हिच्यामुळे नव्हती आली. माझ्या नियमामुळे आली.”

मग मोजे काढून ती बेसिनकडे गेली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं सावकाश चोळलं. तोवर जेवण गार झालं. तेच भरवलं.

“आणि बोलल्याच नसत्या तर?” मी घरी विचारलं.

“तरी धुतलेच असते गं आई. पण ते त्यांना कुठे माहीत होतं?”

मी असते तर नसते धुतले.