बास ऐकू आला काय?

समस्त रसिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या ऑर्केस्ट्रात एक बास गिटारवालाही होता. हे जाहीर करावं लागतं, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नसे. मी निवेदक. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो बाह्या ओढत मला विचारी, "भाऊ, मी ऐकू आलो काय?"

"हाव ना, खणखणीत," मी म्हणायचो आणि तिथंच पकडला जायचो. खर्जात धुमधुम घुमणारा बास कधी खणखणीत वाजतो?

त्या उन्हाळ्यात पिंपळगाव राजाला उघड्या मैदानात आमचा कार्यक्रम होता. पुढेच एक शेतकरी आजोबा गाढ झोपले होते. ऐन गाण्यात बासवाल्यानं तारांवरून बोटं उचलली आणि कोणाला कळतं का म्हणून लोकांकडे बघत राहिला. गाणारी गात होती, लोक डोलत होते. त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आजोबा दचकून उठले, "विहिरीवरचं इंजन काऊन बंद पडलं बे?"