रिंगणीच्या बियांची कीड

चौथीत होते तेव्हा माझी उजवीकडची खालची दाढ किडली. भाकरी डावीकडून चावायची, थंड पाणी पिताना मान कलती करायची, हे अंगवळणी पडलं होतं. ठणका सुरू झाला की फळ्यावरची अक्षरं दिसत, पण डोक्यात शिरत नसत. धडा मोठ्याने वाचताना शब्द अडखळले की मागून कोणीतरी विचारी, "तोंडात बोर हाये काय वं?"

चौथीच्या परीक्षेचं केंद्र मेहकरला होतं. पास झाले तर पाचवीला तिथल्या शाळेत, नाही तर निंदणाला, शेतातलं तण काढायला, असं घरात ठरलं होतं.

दाढदुखीवर गावाचा इलाज म्हणजे धुरी. शेजारच्या काकूंनी परातीत पाणी घेतलं, मधोमध विटेवर तापलेलं खापर ठेवलं आणि त्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या, तेलात घोळलेल्या बिया टाकल्या. वर बुडाला भोक असलेलं मडकं पालथं घातलं. भोकात बसवलेल्या नळीतून मी दाढेवर धूर घेतला. मडकं उचललं तेव्हा पाण्यावर पांढरे, वाकडे तंतू तरंगत होते.

"पाह्य, निंगाली कीड!" काकू म्हणाल्या.

"आता दुखलं म्हनशीन तं तो अभ्यासाचा कंटाळा," मायने बजावलं.

दोन दिवस बरे गेले. मग गाल सुजला.

"बाबा, दवाखान्यात नेता काय?"

"कीड तं निंगाली ना वं?"

"मंग दुखते काऊन?"

उरलेल्या बिया मी काकूंकडून मागून आणल्या आणि तीच मांडणी केली. फक्त नळी कोणाच्याच तोंडात दिली नाही. बाबा उभे होते, काकूही आल्या होत्या. मडकं उचललं. पाण्यावर तेच तंतू होते. खापरावर बी तडकून तिच्या आतला कोंब उडून पाण्यात पडत होता.

"वहिनी, मडक्याले बी दाढ हाये काय?" बाबा हसले.

काकू हसल्या नाहीत. "धुरानं आराम पडते, हे तं खरं ना?"

"पडते," मी म्हणाले. ते खरंच होतं.

सकाळच्या मोटारीने बाबांनी मला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी सूज उतरवली, मग दाढ काढली.

परीक्षेत धडा वाचताना जीभ एकदा रिकाम्या जागेकडे गेली आणि परत आली. मी न अडखळता शेवटपर्यंत वाचलं. त्या पावसाळ्यात निंदणाला घरून एक माणूस कमी गेलं.