पाळणावालीची विमानाची तालीम

तुम्ही कामावर असताना तुमचं मूल कुणाच्या मांडीवर झोपायचं, सांगता येईल? आजीच्या म्हणू नका. ज्यांच्या घरात आजी आहे त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. पैसे देऊन ज्या मांडीवर ठेवलं होतं तिच्याबद्दल विचारतेय. ती बाई आज काय करते? माहीत नाही ना? मग एकीचं मी सांगते.

सगळी गल्ली तिला पाळणावाली म्हणायची. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत ती आणि नवरा, मागची पोरांची. छताच्या कडीला कापडाची झोळी, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, खिडकीत दुधाच्या बाटल्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची दोरी. बायका पोर दारातच तिच्या हातात कोंबायच्या आणि मागे न बघता सुटायच्या. मागे बघायचं नाही, हे तिनंच शिकवलेलं. पोरं शाळेच्या वयाची झाली की यायची बंद. मग रस्त्यात भेटली तर आईच्या मागे लपायची. "ओळखत नाहीत मेली," म्हणून ती हसायची. ते हसणं काही खरं नव्हतं.

आमच्या घरकामगार बायकांच्या संघटनेत तिचं नाव होतं, पण मोर्चाला कधी आली नाही. "पोरं कोण बघणार, तुझा बाप?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

तर तिच्याकडे एक मूल आलं, जेमतेम मान धरायला लागलेलं. पोट भरलं की गुरगुरायचं, म्हणून तिनं त्याला बोकोबा केलं. बोकोबाची आई एका कंपनीत हिशेब बघायची. बाप नोकरीसाठी परदेशी पुढे गेलेला. बोकोबा रांगायला लागला तेव्हा बापानं तिकडे घर बघितलं आणि आईची घालमेल सुरू झाली. एवढा लांबचा विमानाचा प्रवास, हातात तान्हं पोर, आणि पोर झोपणार फक्त पाळणावालीच्या हाताखाली. आईनं घेतलं की कमान करून ओरडायचं.

"मावशी, तुम्हीच चला ना," आई एका संध्याकाळी म्हणाली. "सहा महिने राहा तिकडे. तो रुळला की मी पाठवते तुम्हाला परत."

त्या संध्याकाळी ती धावत माझ्याकडे आली. मी तिला धावताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "आजपर्यंत प्रत्येक पोर मला सोडून गेलंय," म्हणाली, "हा मला घेऊन जाणार आहे." तिला दुसरं काही नको होतं. विमानात बसायचं आणि त्या पोराबरोबर जायचं.

"लिहून घे तिच्याकडून," मी म्हटलं.

"तू काय, नवऱ्याकडूनही लिहून घेशील."

"नवरा असता तर घेतलंच असतं."

तिनं पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस आला तेव्हा सगळी गल्ली गॅलरीत उभी. बाकीच्या पोरांच्या आयांना तिनं आधीच सांगून टाकलं, की बाई, मी चालले, दुसरीकडे बघा. कोपऱ्यावर नवीन पाळणाघर निघालं होतं, भिंतीवर जिराफ-बिराफ काढलेलं. सगळी पोरं तिकडे गेली. मी डोकं आपटलं. "अगं, निदान तिकीट हातात पडू दे!" पण ऐकते कोण!

मग तालीम सुरू झाली. आईला विमानातली भीती होती, म्हणून विमान मागच्या खोलीतच तयार झालं. भिंतीला चिकटून प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, पुढे एक पाठमोरी, इतकी जवळ की गुडघे अडकावेत. आवाजासाठी ओट्यावर रिकामा मिक्सर चालू. तिचा नवरा वॉचमन, रात्रपाळी करून आलेला, तो शेजारचा तुसडा प्रवासी.

"ओ बाई, पोराला आवरा! पैसे मोजून बसलोय मी!"

"कुठे मोजलेत? फुकट बसलाय माझ्याच खुर्चीवर."

"आणि थुंकायला खिडकी उघडते का या विमानाची?"

"तुम्हाला नेत नाहीये ते त्यासाठीच."

आई हसून हसून लाल व्हायची. ती बाई वाईट नव्हती, हे मला लिहावं लागतंय, त्याचाही मला रागच येतो.

झोपवायची पाळणावालीची एक रीत होती. थोपटायचं नाही. पाठीवर तळवा ठेवून नुसता भार द्यायचा, आणि मूल पेंगलं की भार कमी करत न्यायचा. आधी तळवा उचलायचा, मग बोटं, शेवटी एकच बोट उरतं. ते कधी उचललं हे मुलाला कळता कामा नये. आता तिनं आईचा तळवा बोकोबाच्या पाठीवर ठेवला, वर आपला ठेवला आणि रोज थोडा थोडा काढत गेली. पहिले काही दिवस बोकोबानं घर डोक्यावर घेतलं. मग कुरकुर करायला लागला. मग एक दिवस मिक्सर घरघरतोय, वॉचमन खोटं खोटं घोरतोय, आणि बोकोबा आईच्या मांडीवर गाढ. पाळणावालीचे दोन्ही हात रिकामे.

मी त्या दिवशी तिथेच होते. आई गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं, "तो आईकडे झोपायला लागला की तुझं काम संपलं. चार दिवस रडू दे त्याला. उलटं शिकव."

"पोराला रडवू?" ती एवढ्या जोरात ओरडली की नवरा आतून बाहेर आला. "माझ्याकडे दिलेलं पोर मी मुद्दाम रडवू? चहा संपव आणि नीघ."

निघायच्या आदल्या आठवड्यात आई आली ती बोकोबाच्या आखूड झालेल्या कपड्यांची पिशवी घेऊन. "तुमच्या दुसऱ्या मुलांना होतील, मावशी."

दुसरी मुलं! खोलीत रिकाम्या गादीशिवाय काही नव्हतं.

"माझी बॅग कधी आणू तुझ्याकडे?" पाळणावालीनं विचारलं. "वजन करावं लागतं म्हणे."

आई पिशवीचे बंद सोडत आणि बांधत बसली. "मावशी... मी सांगणारच होते. यांचं म्हणणं पडलं, तिकडे जागा लहान आहे. आणि आता तो झोपतो ना माझ्याजवळ."

"कधी ठरलं हे?"

"माझं तिकीट काढलं तेव्हाच."

तिकीट निघालं होतं तालमीच्याही आधी. पहिल्या दिवशी खुर्च्या मांडल्या तेव्हा त्या बाईला माहीत होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मग तुम्ही त्याला शिकवलं नसतंत." आई रडायला लागली. पाळणावालीनं तिला पाणी दिलं.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी संघटनेच्या बायका जमवल्या. त्या बाईच्या दारात बसायचं, भरपाई घेतल्याशिवाय सामान हलू द्यायचं नाही, असं ठरवून निघालो. वाटेत पाळणावालीचं घर. ती चपला न घालताच रस्त्यात आडवी आली.

"एकीनंही तिकडे जायचं नाही."

"तुझ्याचसाठी चाललोय ना!"

"तुम्ही बोंबा मारणार, तो दचकणार. आत्ता कुठे आईजवळ झोपायला लागलाय. विमानात तो रडला तर कोण घेणार त्याला?"

मी आयुष्यात पोलिसांसमोर मागे सरले नाही. त्या दिवशी सरले. अजून आठवलं की अंग जळतं.

जाताना टॅक्सी गल्लीत थांबली तेव्हा पाळणावाली बाहेर आली नाही. मला दाराच्या फटीतून बघून सांगायला लावलं, झोपलाय की जागा आहे? झोपला होता, आईच्या खांद्यावर. "बरं झालं," ती म्हणाली आणि गादी गुंडाळायला लागली.

आईचे व्हिडिओ कॉल आले सुरुवातीला. विमानात पोर हूं की चूं न करता झोपलं, हे तिनं तीन-तीनदा सांगितलं. पडद्यावर बोकोबा पाळणावालीकडे बघायचा आणि फोन तोंडात घालायचा. पुढे पुढे तो बघेना, मग कॉलही थांबले.

कोपऱ्यावरच्या पाळणाघरात कॅमेरा आहे, आया ऑफिसमध्ये बसून पोर बघतात. गेलेल्यांतली एकही परत आली नाही. नवीनही कुणी आलं नाही. पाळणावाली आता एका हॉस्पिटलात फरशा पुसते, बाळंतिणींचा वॉर्ड मागूनही मिळाला नाही. झोळीच्या कडीला वॉचमनचा गणवेश लटकतो. मी पासपोर्टचा विषय काढला तर म्हणाली, "दहा वर्षं चालतो म्हणे. तेवढ्यात होईल की कुणाला तरी पोर." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी तान्हं मूल घेऊन परदेशी निघालं असेल, तर माझं एवढंच म्हणणं आहे. ज्या दिवशी तिकीट काढाल, त्याच संध्याकाळी मूल घ्यायला जाल तेव्हा, तिच्या दारातच, किती तिकिटं काढलीत ते तिला सांगा. तिला वाईट वाटेल. वाटू द्या, पण सांगा.