परबचा ‘रव’

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होती. मी नाईक, रेडिओ ऑपरेटर. पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघेच, मी आणि लान्स नाईक वसंत परब. दोघेही मुलुंडचे. मी बंकरमध्ये पुस्तक घेऊन बसतो म्हणून तो मला ‘मास्तर’ म्हणायचा.

परब डॉग हँडलर होता. त्याची तारा चौदा महिन्यांची अल्सेशियन. तिचा बर्फातला तो पहिलाच हिवाळा. रोज सकाळी सहा वाजता तो तिचे पंजे तपासायचा, बोटांमध्ये साचलेला बर्फ काढायचा आणि मग स्वतःचे बूट चढवायचा. ट्रेनिंगमधले हुकूम इंग्रजी: सिट, कम, स्टे. परबने त्यात घरचा एक शब्द घातला होता. ‘रव’. मालवणीत रव म्हणजे थांब.

“हे नियमात बसतं का रे?” मी एकदा विचारलं.

“‘स्टे’ कोणीपण ओरडतो, मास्तर. सुभेदारसाब तर जेवणाच्या लाइनीत ओरडतात. ‘रव’ इथे माझ्याशिवाय कोण म्हणणार?”

मलाही तो तेच म्हणायचा. मी घाईने चहाला हात घातला की, “रव रे, उकळूं दे.”

जानेवारीत एका सकाळी आम्ही शेजारच्या पोस्टकडे लिंक पेट्रोलवर निघालो. चार जवान आणि तारा. ७.४० वाजता उतारावर बर्फाला भेग पडली. पुढे असलेला परब तीसेक यार्ड खाली घसरला आणि कमरेपर्यंत रुतला. तारा त्याच्याकडे धावली. मी दोराचं वेटोळं खांद्यावरून काढून दोन पावलं पुढे टाकली.

खालून परब ओरडला, “रव!”

तारा जागच्या जागी बसली. मीही थांबलो.

मी रेडिओ उघडला. “चार्ली टू. एक आदमी बर्फ में फँसा है. ओव्हर.”

पोस्टवरून उत्तर आलं, “चार्ली टू, कोई आगे नहीं जाएगा. रस्सी अँकर करो. ओव्हर.”

तेव्हा घड्याळात ७.४३ झाले होते. मागचे दोघे माझ्या दोराचं टोक खडकाला बांधत होते. तेवढ्यात वरचा सगळा उतार सुटला. सगळा बर्फ आमच्या समोरून परबच्या अंगावर गेला.

ताराने जागा दाखवली. आम्ही दुपारी एकपर्यंत खणत होतो. परब सव्वीस वर्षांचा होता.

कंपनीने त्याच्या वडिलांना पत्र लिहिलं. त्यात कर्तव्य होतं, हिमस्खलन होतं. ती तीन मिनिटं नव्हती. हुकूम येण्याआधीच मी थांबलो होतो, हे फक्त मला माहीत होतं. परब तो शब्द कुत्रीला म्हणाला की मला? कुत्रीला म्हणाला असेल, तर मी दोर घेऊन जायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मी पेन्शनवर मुलुंडला परत आलो. वसंतचे वडील, परबकाका, गिरणी बंद पडल्यावर एका छोट्या कारखान्यात वॉचमन होते. वसंत गेल्यावर त्यांनी गल्लीतलं गावठी पिल्लू पाळलं होतं. चिमी, आठ महिन्यांची. शेजारी चेष्टा करायचे, “काका, हिलापण मिलिटरीत पाठवणार काय?” काका शेजाऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणायचे, “हिच्यात शिस्त खंय? ही तुमच्या झिलाच्या वर्गातली.”

थंडी पडली की दर रविवारी काका तिला घेऊन मुलुंडमागच्या डोंगरावर जात. लहानपणी वसंतला नेत, तीच वाट. मी बरोबर जायला लागलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच दर रविवारी निघायचो. चार रविवार तसेच गेले. काका रेशनचं बोलायचे, गुडघ्यांचं बोलायचे, आणि मी हो म्हणायचो. उतरताना चढतानापेक्षा जास्त दमायला व्हायचं.

पाचव्या रविवारी आम्ही साडेसहाला निघालो. गवत वाळलेलं होतं, खाली कारखान्यांवर धुकं होतं. वरच्या सपाटीला एक जुनी दगडाची खाण आहे. तिचा कडा गवतामुळे लांबून दिसत नाही. चिमीला माकडं दिसली आणि ती सुटली. सरळ खाणीच्या दिशेने. मी तिच्यामागे धावलो.

मागून काका ओरडले, “रव!”

चिमी कड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मीही थांबलो. एक पाऊल उचललेलं तसंच राहिलं. हातातली पाण्याची बाटली कधी सुटली ते कळलं नाही.

काका धापा टाकत आले. माझ्याकडे बघून हसले. “तुका नाय रे. तिका सांगलंय.”

मी खाली बसलो. काकांनी चिमीला दोरी बांधली, मग माझ्याकडे नीट पाहिलं. “काय रे झिला? बरा नाय वाटणा काय?”

मग मी सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, वेळा सांगून. सात चाळीस. दोन पावलं. ‘रव’. सात त्रेचाळीस. शेवटी म्हणालो, “काका, तो ताराला म्हणाला असेल. मी उगाच थांबलो असेन.”

काका चिमीच्या मानेवरची कुसळं काढायला लागले.

“तुझ्या हातात दोरी होती?”

“होती.”

“आणि थंय गेलं असतंस तर?”

“वरचा बर्फ सुटला तेव्हा मी त्याच्याजवळ असतो.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “ह्याच वाटेर तो माझ्या फुडे धावायचो. मी रव, रव म्हणान ओरडायचंय. एकदा पण रवलो नाय.” त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “कुत्र्याक सांगल्यान की तुका, ता माका म्हायत नाय. तू रवलंस. बरा झाला.”

मी बाटली उचलली, तिच्यात घोटभर पाणी राहिलं होतं. ते चिमीला पाजलं.

उतरताना काका पुढे होते, मधे चिमी, मागे मी. त्यांच्या गुडघ्यांना उतार सोसत नव्हता. दर वळणावर ते काठी टेकून उभे राहत आणि मागे न बघता म्हणत, “रव.”

आम्ही दोघंही थांबत होतो.