बॉनेट रिकामं होतं

मी मेकॅनिकल इंजिनिअर माणूस. कुणी भुताखेतांचं सुरू केलं की मी सरळ उठून चहा टाकायला जातो. तरी हे लिहितोय... कारण घरात या विषयावर आता कुणी माझं ऐकूनच घेत नाही!

आम्ही भिंगारला राहतो. जुनी विलायती टू-सीटर स्पोर्ट्स कार घ्यायची, हे माझं कॉलेजपासूनचं वेड. शेवटी श्रीरामपूरला एका बंगल्यात मिळाली. घेताना अजिबात घाई केली नाही – चुंबक फिरवून रंगाखाली पुट्टी किती ते पाहिलं, चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडला, आमचे मेकॅनिक अन्वरभाई सोबत नेले. मालकाला आधीच बजावलं होतं, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय." अजून काय बघायचं असतं माणसानं?

इंजिन ऑइल खात होतं, ते माहीतच होतं. म्हणून अन्वरभाईंनी ते उतरवून नगरला गॅरेजवर नेलं. बॅटरीही नेली. पार्ट बाहेरून यायचे होते. गाडी आमच्या पोर्चमध्ये, कव्हर घालून.

तर एक दिवस शेजारचे गाडेकर काका – मिलिटरीतून रिटायर्ड – कंपाउंडवरून म्हणाले, "दुपारचा जरा डोळा लागतो, तवाच गाडी चालू करता राव तुमी. लई घुरघुरती."

"काका, गाडीत इंजिनच नाही!"

"मंग काय मी खोटं बोलतोय व्हय?"

बॉनेट उघडून दाखवलं त्यांना. तरी पुन्हा तेच! वर माझी बायको मीनल म्हणते, "आवाज मलाही येतो. तुम्ही ऑफिसात असता." वैताग नुसता. वाटलं, दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत.

मग एका रविवारी जेवून पेपर वाचत बसलो होतो आणि पोर्चमध्ये गाडी सुरू झाली. आधी खोकत, मग एका लयीत – श्रीरामपूरला ऐकला होता तोच आवाज. धावत गेलो, कव्हर ओढलं, बॉनेट उघडलं. आतून थेट खालच्या फरश्या दिसत होत्या... आणि आवाज चालूच. सायलेन्सरला हात लावला, तर चटका बसला.

मी अन्वरभाईंना फोन लावला. "इंजिन कुठंय?"

"हे काय, समोर टेबलावर. हेड खोललंय." मग म्हणाले, "पन तुमच्याकडं गाडी कुनाची चालूय?"

मीनलनं कपाटातून किल्ली आणून माझ्या हातात कोंबली. "बंद करा ती आधी!" किल्ली घातली, पुढं फिरवली, मागं फिरवली. आवाज थांबला. काका कंपाउंडपाशी उभे होते. उघड्या बॉनेटकडं एकदा बघून आत गेले.

सायलेन्सर उन्हानं तापला म्हणावं, तर आमच्या पोर्चमध्ये ऊन येत नाही. बॅटरी नाही, पेट्रोल नाही.

मीनलच्या हट्टानं गाडी विकायला काढलीय. काल संगमनेरहून एकाचा फोन आला. माणूस अभ्यासू होता. गंज, पुट्टी, कागदपत्रं, सगळं नीट विचारलं, मीही खरं खरं सांगितलं. शेवटी म्हणाला, "इंजिन बाहेर आहे म्हणजे सध्या स्टार्ट होत नसेल ना?"

"थोड्या वेळानं फोन करतो" म्हणून ठेवून दिला. अजून केलेला नाही. खोटं बोलायचं नाहीये हो मला... पण काय सांगू त्याला?