चोवीस इंचांची शांतता

आमच्या घरच्या गाडीचा सायलेन्सर चोवीस इंच लांब आहे आणि त्यात गाडीची काहीही चूक नाही.

गाडी तशी सईची. सई ही आमची एकुलती एक मुलगी, नोएडात आयटीत नोकरी करते. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिच्यात इतके बदल केले, की मूळ गाडीचा म्हणावा असा फक्त हॉर्न उरला. वर्षभर पोरीला एकच ध्यास होता : ग्रेटर नोएडाच्या रेस ट्रॅकवर ती गाडी पळवायची. अखेर एका रविवारी तिचा नंबर लागला. अट एकच! गेटवर यंत्र लावून आवाज मोजणार, आणि सकाळी दहापर्यंत त्यात पास झाली नाही तर गाडी आल्या पावली परत. आणि सईच्या गाडीचा आवाज असा, की ती दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शिरली की वरच्या बाई वाळत घातलेले पापड आत घेत. (ढग गडगडले असं त्यांना वाटे.)

"बाबा, शनिवारी माझी मीटिंग आहे," सई म्हणाली. "तुम्ही गाडी मायापुरीला हरजीतकडे न्याल? स्ट्रेट-थ्रू सायलेन्सर, अठरा इंची. बस, इतकंच. त्यात डोकं लावू नका, प्लीज यार!"

डोकं लावू नका! तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला!

हरजीत मेकॅनिकने मला सगळं प्रेमाने समजावलं. आत भोकाभोकांची एकच सरळ नळी, तिच्याभोवती काचेचा कापूस आणि वरून डबा. धूर कुठे अडत नाही, त्यामुळे इंजिनाची ताकद जात नाही. आवाज मात्र कापूस पिऊन टाकतो. डबा जितका लांब, तितका आवाज कमी.

"तो फिर चौबीस इंच का लगाओ," मी म्हणालो.

"सर जी, बिटिया ने अठारह बोला है. चौबीस की जगह टाइट है."

"नाप लेते हैं!"

त्याने गाडी लिफ्टवर चढवली. मी बायकोच्या शिवणाची टेप घेऊनच गेलो होतो. तीनदा मोजलं, सरासरी काढली. चोवीस इंची डबा बसवून मागच्या चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलपर्यंत चांगली दीड इंच जागा उरत होती. हरजीत दाढी खाजवत म्हणाला, "लेकिन सर जी, जब लोड पड़ेगा..."

"डेढ़ इंच का मार्जिन है, भाई! बिल्कुल सेफ!"

त्याने निमूटपणे आपली डायरी पुढे केली. "तो लिख के दे दो."

मला गहिवरून आलं. कार्यपद्धतीची इतकी कदर करणारा मेकॅनिक पहिल्यांदाच भेटत होता! मी अ, ब, क असे मुद्दे पाडून लिहून दिलं आणि खाली सही ठोकली.

येताना गाडी मांजरीसारखी आली. सईने संध्याकाळी एक चक्कर मारली. चोवीस इंच ऐकून आधी भडकली, मग म्हणाली, "पण आवाज मस्त बसलाय हं, बाबा!" त्या रात्री मी फार शांत झोपलो.

रविवारी सई गाडी चालवायला, शेजारी मांडीवर वड्यांचा डबा घेऊन आमची ही, आणि मागे मी. कॉलनीच्या गेटवरच्या स्पीड ब्रेकरवर आवाज झाला : ठण्ण!

"काय वाजलं?" सईने विचारलं.

"स्पीड ब्रेकर," मी म्हणालो.

"स्पीड ब्रेकर वाजतो?" हिने विचारलं.

पुढे फ्लायओव्हरच्या प्रत्येक जोडावर ठक, ठक, ठक! मी रस्त्याच्या निकृष्ट कामावर बोलू लागलो. नोएडात शिरता शिरता एक मोठा खड्डा आला, खालून काहीतरी निसटलं आणि गाडीने अशी डरकाळी फोडली, की आम्ही नजरेस पडायच्या आधीच पुढच्या चौकातल्या पोलिसाने शिट्टी वाजवली.

नऊ वाजून गेले होते. सईचे डोळे भरून आले. "वर्षभर वाट बघितली, बाबा..." एवढंच म्हणाली. मग तिनेच डोळे पुसले, पाना काढला आणि गाडीखाली शिरून सायलेन्सरची निसटलेली नळी बसवून तिचा सैल झालेला क्लॅम्प आवळला. मी हरजीतला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पीछे कौन बैठा है?" त्याने पहिलाच प्रश्न केला.

"मैं."

"आप बैठो. अब उतरो."

मी बसलो : ठण्ण! उतरलो : शांतता. पुन्हा बसलो : ठण्ण! बघे जमले. पोलीसही चलानाचं विसरून वाकून बघू लागला.

"सर जी, लिफ्ट पर पहिये नीचे लटकते हैं," हरजीत म्हणाला. "तब जगह दिखती है. आदमी बैठता है तो बॉडी नीचे आती है, अ‍ॅक्सल डब्बे को मारता है. आपने लटकी हुई गाड़ी नापी है. मेरे पास लिखा हुआ है."

"अंकल जी," पोलीस अतिशय आदराने म्हणाला, "आप मेट्रो ले लीजिए."

मायलेकी पुढे गेल्या. मी मेट्रो आणि ऑटो करून पोचलो, तोवर सई तपासणीत पास होऊन ट्रॅकवर तीन फेऱ्या मारून आली होती. हेल्मेट काढून ती धावत आली आणि मला मिठीच मारली. "बाबा, आवाज तपासणारे म्हणाले, इतकी शांत गाडी आज दुसरी नाही! लांबी विचारत होते!" माझी छाती फुगली.

"पण तुम्हाला असं सोडून जायला नाही आवडलं मला," ती पुढे म्हणाली. "पुढच्या आठवड्यात अठराच बसवते. मग तुम्ही आरामात मागे बसा."

मी विचार केला. अठरा इंची बसवला, तर गाडीत मला जागा मिळणार होती. पण माझं मोजमाप चुकलं, हे घरात कायमचं सिद्ध होणार होतं.

"छे, छे!" मी म्हणालो. "चोवीसच योग्य आहे."

गेली चार वर्षं मी मेट्रोने फिरतो.